चूक आधी दिसणाऱ्या बंधुभगिनींना खुलं पत्र

मंडळीतल्या ज्यांच्या नजरेतून काहीच सुटत नाही, अशा सर्वांना,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

हे पत्र पाळकांना नाही, वडीलजनांनाही नाही. त्यांच्यासाठी शेवटी दोन शब्द आहेत. पत्र तुम्हाला आहे. उपदेश कुठे भरकटला, कोणत्या वचनाचा मागचापुढचा संदर्भ सोडून अर्थ लावला, गाणं कोणाच्या पट्टीत बसलं नाही, हिशेबातली कोणती ओळ घाईघाईने वाचली गेली, नव्याने आलेल्या कुटुंबाशी कोणी दोन शब्दही बोललं नाही, हे सगळं तुम्हाला दिसतं. उपासना संपली की तुमच्याभोवती दोघंतिघं थांबतात, कारण तुम्ही जे बोलता ते बहुतेक वेळा खरं असतं. ही गोष्ट मी आधीच मान्य करतो. आजवर तुम्हाला ज्यांनी समजावलं त्यांतल्या फार थोड्यांनी ती मान्य केली असेल. "टीका करू नका, प्रार्थना करा," एवढं सांगून विषय मिटवला जातो. मग तुम्ही गप्प बसता. पण गप्प बसलेला माणूस बदललेला असतोच असं नाही. आतल्या आत यादी वाढत राहते, आणि एखाद्या दिवशी क्षुल्लक कारणावरून सगळी बाहेर येते.

तुम्हाला गप्प करायला बहुधा मत्तयाच्या सातव्या अध्यायातलं पहिलं वचन वापरलं जातं: दोष काढू नका. ते वचन प्रभूचंच आहे आणि त्याची धार बोथट करायची माझी इच्छा नाही. मात्र पुढची चार वचनंही त्याचीच आहेत. आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं तो म्हणतो. भावाचं कुसळ तसंच राहू दे, असं तो म्हणत नाही. त्याच अध्यायात पुढे खोट्या संदेष्ट्यांना त्यांच्या फळांवरून ओळखायला सांगितलं आहे, आणि ते काम डोळे मिटून होत नाही. योहान ७:२४ मध्ये तर वरवर पाहून न्याय करू नका, यथार्थ न्याय करा, अशी सरळ आज्ञा आहे.

म्हणजे दिसण्यात पाप नाही. माझ्या मते प्रश्न पुढचा आहे: दिसल्यावर आपण त्या दोषाचं करतो काय? पवित्र शास्त्रात ज्याला दोष दिसतो, त्याच्या वाट्याला ताबडतोब काहीतरी काम येतं. ते काम बाजूला ठेवून आपण नुसता निकाल देत राहतो तेव्हा आपल्यातला टीकाकार सोकावतो. निकाल देणं स्वस्त पडतं. कामाला मात्र पदरचं घालावं लागतं.

गणनाच्या तेराव्या अध्यायातले, मोशेने कनान देश पाहायला पाठवलेले हेर आठवा. बारा जण, चाळीस दिवस, एकच देश. परत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा जे सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. देश दुधामधाचा आहे, हे पाहा त्याचं फळ. पण तिथले लोक बळकट आहेत, नगरं मोठी आणि तटबंदीची आहेत, अनाकाचे धिप्पाड वंशजही आम्हाला दिसले. इथपर्यंत चोख अहवाल. नगरांना तट आहेत की नाहीत हे पाहून या, असं मोशेनेच त्यांना सांगितलं होतं. मग त्यांच्यातलाच कालेब लोकांना शांत करतो आणि म्हणतो, चला, आपण वर जाऊ, आपण तो देश जिंकू शकतो. त्याने विरोधात तोंड उघडल्याबरोबर उरलेल्यांतल्या दहा जणांची भाषा कशी बदलते पाहा. आधी अनाकाचे वंशज 'तिथे दिसले' होते. आता पाहिलेला प्रत्येकच माणूस धिप्पाड झाला. ज्या देशातला द्राक्षांचा एक घोस दोघांनी दांडीवर टांगून आणला होता, तोच देश आता आपल्या रहिवाशांना खाऊन टाकणारा झाला. कोणी "नाही" म्हटलं की तिखटमीठ वाढतं, हे तुमच्या-माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. आपण साधी गोष्ट सांगायला लागतो, समोरचा म्हणतो, "अहो, एवढं काही नाही," आणि आपल्या पुढच्याच वाक्यात 'एकदा'चं 'नेहमी' होतं, 'एक जण'चे 'सगळे' होतात.

त्यांचं शेवटचं वाक्य तर फारच बोलकं आहे. आम्ही आमच्या दृष्टीने टोळांसारखे होतो आणि त्यांच्याही दृष्टीने तसेच होतो. त्यांच्या दृष्टीने? हे यांना कोणी सांगितलं? त्या लोकांशी ते बोलल्याची एक ओळही त्या अध्यायात नाही. उलट, जवळजवळ चाळीस वर्षांनी यरीहोमधली राहाब दुसऱ्या दोन हेरांना सांगते की तांबड्या समुद्राची हकिकत ऐकली आणि आमच्या काळजाचं पाणी पाणी झालं. इकडे हे टोळ, तिकडे ते घाबरलेले. मधल्या काळात एक अख्खी पिढी रानात संपली.

दुसऱ्याच्या मनात काय आहे हे त्याला न विचारता ठरवून टाकण्याची ही सवय मला टीकाखोरपणाचं सर्वांत पक्कं लक्षण वाटते. लूकच्या पंधराव्या अध्यायातला थोरला भाऊ पाहा. धाकट्याने उधळेपणाने संपत्ती उडवली एवढंच आपल्याला गोष्टीत आधी सांगितलेलं आहे. थोरला शेतातून येतो, एका चाकराला काय चाललंय ते विचारतो, आणि थोड्याच वेळात बापाला म्हणतो की या तुमच्या मुलाने तुमची संपत्ती वेश्यांपायी उडवली. हा तपशील त्याला कुठून मिळाला? चाकराने सांगितला नव्हता. कदाचित खराही असेल. पण त्या घटकेला तो थोरल्याच्या रागातून आलेला आहे. आणखी एक गोष्ट आहे. तो 'माझा भाऊ' म्हणत नाही, 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. आपणही मंडळीविषयी बोलताना नेमक्या कोणत्या वाक्यांत 'आपण' म्हणतो आणि कोणत्या वाक्यांत 'हे लोक' म्हणतो, ते एकदा ऐकून पाहावं. बाप उत्तर देताना 'हा तुझा भाऊ' म्हणतो आणि तिथेच गोष्ट थांबते. थोरला आत गेला की नाही ते प्रभूने सांगितलेलं नाही.

बेथानीतली घटनाही मला या संदर्भात पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. मरीया महागडं सुगंधी तेल प्रभूच्या पायांवर ओतते. तीनशे दिनार किंमत, म्हणजे एका मजुराची जवळजवळ वर्षाची मजुरी. ते विकून गरिबांना का दिलं नाही, हा आक्षेप योहान यहूदा इस्कर्योताच्या तोंडी घालतो आणि तो चोर होता हेही सांगून टाकतो. बेथानीचाच प्रसंग सांगताना मत्तय मात्र लिहितो की राग शिष्यांना आला. म्हणजे एकाच्या मनातलं खोट असलेलं गणित बाकीच्यांनी प्रामाणिकपणे उचललं असावं. आकडा बरोबर होता, गरिबांचं नाव पुढे होतं, ऐकणाऱ्याला त्यात वावगं काय वाटणार? योहान लिहितो की सगळं घर त्या तेलाच्या वासाने भरून गेलं. त्या घरात बसलेल्यांना किंमत आठवली. टीका बहुतेक वेळा चांगल्या मुद्द्याच्या आडून येते, आणि म्हणूनच आपला मुद्दा चांगला आहे एवढ्यावरून आपलं मन ठीक आहे असं सिद्ध होत नाही. मोशेची भावंडं मिर्याम आणि अहरोन त्याच्या बायकोविषयी बोलायला लागले खरे, पण पुढच्याच वचनात त्यांचं खरं दुखणं बाहेर पडतं: परमेश्वर काय फक्त मोशेच्याच द्वारे बोलला? आमच्या द्वारे नाही का बोलला?

आता थोडं थकव्याविषयी. यावर मंडळीत फारसं बोललं जात नाही, म्हणून जरा सविस्तर.

राजे पहिला ग्रंथ, एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने पळतो आणि रानात एका झुडपाखाली मरण मागतो. नंतर होरेब डोंगरावर तो दोनदा तेच वाक्य बोलतो: इस्राएलाने तुझा करार मोडला, वेद्या पाडल्या, संदेष्टे मारले, मी एकटाच उरलोय. आवेशी माणसाची ही तक्रार आहे, आणि तिचा बराचसा भाग खरा आहे. परमेश्वर त्याच्याशी आधी वाद घालत नाही. आधी झोप, मग दूताने आणून दिलेली भाकर आणि पाणी, परत झोप, परत भाकर. होरेबापर्यंतची वाट होऊन गेल्यावर कुठे प्रश्न येतो, एलीया, तू इथे काय करतोस? आणि हिशेबाची दुरुस्ती तर सर्वांत शेवटी येते: बआल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार जण मी राखून ठेवणार आहे. एक आणि सात हजार, एवढा फरक. वर्षानुवर्षं मंडळीचं काम ओढणारी, सुट्टी न घेतलेली, कोणी आभार न मानलेली माणसंच अनेकदा सर्वांत कडवट झालेली दिसतात. अशा माणसाला पश्चात्तापाचा उपदेश करण्याआधी त्याच्या हातातलं काम काही दिवस दुसऱ्या कोणी घेणं मला जास्त शास्त्राला धरून वाटतं. तुम्ही स्वतः त्यांच्यापैकी असाल तर ते काम सोडायची परवानगी स्वतःला द्या. मंडळी तुमच्यावाचून कोसळणार नाही. सात हजार आहेत.

पण सगळ्याच टीकेचं मूळ थकव्यात नसतं. मग दोष दिसला तर करायचं काय?

योहानाच्या पहिल्या पत्राच्या शेवटी, ५:१६ मध्ये, एक वाक्य आहे. कोणाला आपला भाऊ पाप करताना दिसला (मरण आणणाऱ्या पापाची गोष्ट योहान तिथेच वेगळी काढतो), तर त्याने मागावं, आणि देव त्याला जीवन देईल. ज्याला दिसलं, त्यानेच मागायचं. योहान हे काम पाळकाकडे सोपवत नाही, ज्याच्या नजरेस ते पडलं त्याच्यावर टाकतो. तुम्हाला इतरांपेक्षा जास्त दिसत असेल, तर इतरांपेक्षा जास्त मागण्याचं काम तुमच्याकडे आलेलं आहे. इस्राएलाने राजा मागितला तेव्हा संदेष्टा शमुवेल याला ते मनापासून वाईट वाटलं होतं, आणि त्याने ते लोकांना तोंडावर, एकही शब्द मऊ न करता सांगितलं. त्याच भाषणात तो म्हणतो की तुमच्यासाठी प्रार्थना करायचं सोडून देणं हे परमेश्वराविरुद्ध माझं पाप ठरेल, ते माझ्या हातून न होवो. टीका आणि मध्यस्थी एकाच तोंडातून, एकाच दिवशी. दोन्ही करता येतात.

इथे एक धोका आहे, आणि तो तुम्हाला माहीत आहे. "प्रार्थनेसाठी म्हणून सांगतोय" या शब्दांनी सुरू झालेली वाक्यं शेवटी कुठे जातात ते आपण सर्वांनी पाहिलेलं आहे. देवाला सांगण्याआधी चार माणसांना सांगून झालेलं असतं.

जखऱ्याचा तिसरा अध्याय यापेक्षाही स्पष्ट आहे. मुख्य याजक यहोशवा परमेश्वराच्या दूतापुढे उभा आहे, त्याच्या अंगावर मळकी वस्त्रं आहेत, आणि सैतान उजव्या हाताला दोषारोप करायला उभा आहे. वस्त्रं खरोखरच मळकी होती. कोणी म्हणत नाही की अरे, ती स्वच्छ आहेत, तुला दिसायला चूक झाली. परमेश्वर आरोप करणाऱ्याला धमकावतो, आणि मग तिथे उभे असलेल्यांना आज्ञा होते की याची मळकी वस्त्रं काढा. त्यानंतर एक अनपेक्षित गोष्ट घडते. आतापर्यंत नुसता पाहत असलेला संदेष्टा जखऱ्या मध्येच बोलतो: त्याच्या डोक्यावर स्वच्छ मंदीलही घाला. आणि ते घातलं जातं. मळ तिथल्या सर्वांना दिसत होता. सैतानाने त्याचा आरोप केला, उभे असलेल्यांनी वस्त्रं उतरवली, जखऱ्याने मंदील मागितलं. प्रकटीकरण १२:१० मध्ये बंधूंना रात्रंदिवस दोष देणारा म्हणून ज्याचं वर्णन आहे त्याच्याकडेही माहितीची कमतरता कधी नसते. रोमकरांच्या आठव्या अध्यायात ख्रिस्त देवाच्या उजवीकडे असून आमच्यासाठी विनंती करतो. त्याच्याकडेही तीच सगळी माहिती आहे.

देवापुढे बोलून झालं की त्या माणसाकडे जायचं. मत्तय १८:१५ मधली अट सोपी आहे: तो आणि तू, दोघेच. सोपी म्हणूनच बहुधा ती पाळली जात नाही. चर्चच्या इतिहासात ज्यांनी हे गंभीरपणे घेतलं त्यांनी त्यासाठी नियम केले, कारण त्यांना स्वतःच्या जिभेची खात्री नव्हती. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने आपल्या जेवणाच्या मेजावर दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या: गैरहजर माणसाच्या नावाला जो दात लावतो त्याला या मेजावर जागा नाही. त्याचा चरित्रकार पोसिडियस सांगतो की एकदा काही जवळचे सहकारी बिशपच ते विसरून बोलायला लागले, तेव्हा ऑगस्टीन चिडून म्हणाला की एकतर या ओळी मेजावरून पुसून टाका, नाहीतर मी उठून माझ्या खोलीत जातो. बिशपही विसरतात म्हणा. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १७५२ साली एका लेखी करारावर सह्या केल्या. एकमेकांविषयी वाईट ऐकायचं नाही आणि मुद्दाम विचारायचंही नाही. कानावर आलंच तर चटकन विश्वास ठेवायचा नाही. शक्य तितक्या लवकर ते त्या माणसालाच सांगायचं किंवा लिहून कळवायचं. तोवर दुसऱ्या कोणाजवळ त्यातलं अक्षर काढायचं नाही. विसाव्या शतकात जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफरने फिंकेनवाल्डेच्या पाळक-प्रशिक्षणालयात असाच नियम लावला: भाऊ हजर नसताना त्याच्याविषयी बोलायचं नाही, आणि बोललं गेलंच तर त्याला जाऊन सांगायचं. ते प्रशिक्षणालय १९३५ मध्ये सुरू झालं आणि १९३७ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, बंद केलं. बाहेर इतकं मोठं संकट असताना हा माणूस जेवताखाता होणाऱ्या कुजबुजीची काळजी करत होता, हे मला विचार करण्यासारखं वाटतं.

वेस्लीच्या करारातलं सर्वांत अवघड कलम माझ्या मते पहिलं आहे, ऐकायचं नाही हे. बोलणारा एक असतो, पण त्याला बोलतं ठेवणारे चार असतात. तुमच्याभोवती उपासनेनंतर जे थांबतात, त्यांना तुमची सवय लागलेली आहे. तुम्ही बोलायचं थांबवलंत तर पहिल्यांदा तेच नाराज होतील, याची तयारी ठेवा. आणि कोणी तुमच्याकडे तिसऱ्याची गोष्ट घेऊन आला तर "चला, आपण दोघं आत्ताच त्यांच्याकडे जाऊ" एवढं म्हणून पाहा. बहुतेकांना अचानक घरी काम आठवतं.

प्रत्यक्ष बोलायचं कसं, हे शिकायला पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र पुरेसं आहे. त्या मंडळीत तट पडले होते, भाऊ भावाला न्यायालयात खेचत होता, एकाने बापाची बायको ठेवली होती, प्रभुभोजनाला कोणी उपाशी राहत होता तर कोणी पिऊन झिंगत होता. यांतली एकही गोष्ट पौलाने झाकलेली नाही. पण पहिल्या नऊ वचनांत तो त्यांच्याविषयी देवाचे आभार मानतो, आणि ते तोंडदेखले नाहीत. वक्तृत्व आणि ज्ञान यांत तुम्ही संपन्न झाला आहात, कोणत्याही कृपादानात उणे नाही, असं तो नेमकं सांगतो. (पुढे याच दानांच्या गर्वावर तो बोट ठेवणार आहे, पण म्हणून दानं नाकारत नाही.) आणि तटांची बातमी कुठून कळली? ख्लोवेच्या घरच्या माणसांकडून, असं तो नाव घेऊन लिहितो. "लोक म्हणतात", "बऱ्याच जणांना असं वाटतं", "मी नाव घेत नाही, पण" यांतलं काहीही नाही. ज्याचं नाव घ्यायला आपण तयार नाही, त्याची तक्रार आपण पुढे नेऊ नये. एवढा एक नियम पाळला तरी निम्म्या तक्रारी वाटेतच संपतील, असा माझा अंदाज आहे.

तुम्ही म्हणाल, स्वभावच असा आहे, काय करणार? पौलाचाही स्वभाव तसाच होता, आणि तो पूर्ण बदलला असं दिसत नाही. सुवार्तेच्या प्रवासात पंफुल्यातून अर्ध्यावर परतलेल्या मार्कला पुन्हा बरोबर घ्यायला तो तयार नव्हता. त्यावरून सोबती बर्णबाशी त्याचा इतका खटका उडाला की दोघं वेगळे झाले. पौलाचं म्हणणं निराधार नव्हतं, मार्क खरोखरच सोडून गेला होता. पण तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, मरण जवळ आलेलं असताना, तो सांगतो की मार्कला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत मार्क बदलला, आणि पौलाने ते पाहिलं. ज्यांच्याविषयी आपलं मत कित्येक वर्षांपूर्वी बनलं आणि तेव्हापासून आपण ते तपासलेलंच नाही, अशी माणसं प्रत्येकाच्या मंडळीत असतात. त्यांच्यापासून सुरुवात करता येईल.

कालेबाची गोष्टही हेरांच्या अहवालापाशी संपत नाही. यहोशवाच्या ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात तो पंच्याऐंशी वर्षांचा आहे. तो मोजून सांगतो: हेर म्हणून गेलो तेव्हा चाळीस वर्षांचा होतो, त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. आता वतन मागायची वेळ आहे, आणि तो सपाटीची सुपीक जमीन मागत नाही. तो डोंगराळ प्रदेश मागतो, जिथे अनाकी आहेत आणि मोठी तटबंदीची नगरं आहेत, हे तो स्वतःच सांगतो. म्हणजे दहा जणांनी जे पाहिलं होतं ते त्यानेही पाहिलं होतं. त्याने ते कधी नाकारलं नाही. गणनामध्ये हेब्रोनात राहणाऱ्या अनाकाच्या तीन वंशजांची नावं दिलेली आहेत, अहीमान, शेशय आणि तलमय. यहोशवाच्या पंधराव्या अध्यायात कालेब त्याच तिघांना तिथून हुसकावून लावतो. म्हणून आशावादी व्हा, सगळं चांगलंच पाहा, असं मी तुम्हाला सांगत नाही. ते तुम्हाला जमणारही नाही आणि मला त्याचं फारसं कौतुकही नाही. मंडळीतली जी गोष्ट तुम्हाला सर्वांत जास्त खटकते, तीच मागून घ्या. मुलांचा वर्ग कंटाळवाणा वाटत असेल तर शिकवायला घ्या. आजाऱ्यांना भेटायला कोणी जात नाही असं वाटत असेल तर या आठवड्यात जा. हिशेब नीट मांडलेला नाही असं वाटत असेल तर खजिनदारापाशी बसून पुढच्या वेळचा मांडायला मदत करा. काम हातात घेतल्यावर तुमची टीका कमी होईलच असं नाही. पण तिला वजन येईल, आणि ऐकणाऱ्याला ते कळतं.

एक गोष्ट मात्र इथे स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर या पत्राचा गैरवापर होईल. पैशाचा अपहार, लहान मुलांचा किंवा स्त्रियांचा छळ, अधिकाराचा जुलूम, यांविषयी बोलणं याला नकारात्मक वृत्ती म्हणत नाहीत. इफिसकरांच्या पाचव्या अध्यायात अंधाराची कृत्यं उघडी करायला सांगितलं आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात वडिलाविरुद्धचा आरोप दोनतीन साक्षीदारांवाचून दाखल करून घेऊ नकोस असं आहे, आणि लगेच पुढे जे पाप करत राहतात त्यांना सर्वांदेखत दोष दे, असंही आहे. लोक पहिलं वचन पाठ करतात, दुसरं विसरतात. आणि जिथे गुन्हा घडला आहे तिथे एकांतात समजावण्याची पायरी पीडितावर लादू नये. तिथे कायद्याकडेच जायचं असतं. मत्तय १८ मध्ये त्या पायरीच्या आधी लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची गोष्ट येते, हे अशा वेळी आठवावं.

आता वडीलजनांसाठी ते दोन शब्द. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेमेच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांची कुरकुर सुरू झाली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी त्यांना कुरकुर करू नका, रानात इस्राएलाचं काय झालं ते आठवा, असं सुनावलं नाही. सगळ्या शिष्यांना बोलावलं, अडचण मान्य केली आणि सात जण निवडायला सांगितले. निवडलेल्यांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे बहुधा ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती सगळ्यांच्या विधवांच्या वाटपाचं काम दिलं गेलं. तुमच्या पुढच्या सभेत जो तक्रार मांडायला उभा राहील त्याला खाली बसवू नका. त्याचं म्हणणं लिहून घ्या आणि ते काम पाहणाऱ्या समितीत त्याचं नाव सुचवा.

आणि तुम्ही, ज्यांच्यासाठी हे पत्र लिहिलं, तुमचं नाव सुचवलं गेलं तर नको म्हणू नका.

ख्रिस्तामध्ये तुमचाच,
मंडळीतला एक सभासद